वहीतले ‘नाही’



संयोजकांनी फोनवर व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, “जोडतारे.” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, “त्यात राशिभविष्याचं काही येतं का?” येत नाही. तसे काही मनात धरून कोणी आले असेल तर मागच्या दाराने जायला हरकत नाही, मी वाईट वाटून घेणार नाही.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली. माझे खगोलशास्त्र त्या खात्यातूनच सुरू झाले असे म्हटले तर हसू नका. सिग्नलला एक पिवळा दिवा असेल तर पुढचा सिग्नल लाल असू शकतो, गाडी थांबवायची तयारी ठेवायची. दोन पिवळे असतील तर अजून थोडा अवकाश आहे. रात्री लांबून पाहिले की ते दोन दिवे एकच वाटतात. गाडी जवळ येत जाते तसा तो एक ठिपका आधी लांबट होतो, मग मध्ये चिमटा पडल्यासारखा होतो, आणि एका क्षणी त्याचे दोन होतात. इंजिनातला माणूस रोज हे पाहतो आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मला वाटले. दिवे तर पहिल्यापासून दोनच होते. मग मधल्या वेळात बदलले ते काय?

आकाशातही असेच आहे. फरक एवढाच की तिथे आपल्याला जवळ जाता येत नाही. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना कोणी ना कोणी सोबती असतो, आणि आपला सूर्य उरलेल्या एकट्यांपैकी. सोबती इतका लगटून असतो की नुसत्या डोळ्यांना एकच ठिपका दिसतो. दुर्बिणीतून त्याचे दोन झाले की मुंबईची मंडळी म्हणतात ‘स्प्लिट झाला’. आम्ही म्हणतो ‘जोडी सुटली’. गाठ सुटते तशी.

‘किती लगटून’ ते सांगायला माप लागते. ते पंचांगवाल्यांकडे आहेच: अंश, कला, विकला. एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला. विकला म्हणजे केवढी? आटगाव स्टेशनात कोणी रुपयाचे नाणे उभे धरले आणि आपण आसनगावच्या दिशेने साडेचार किलोमीटर जाऊन मागे वळून पाहिले, तर ते नाणे जेवढे ‘दिसेल’ तेवढी एक विकला. चांगल्या डोळ्याला साधारण 60 विकला, म्हणजे एक कला, एवढे अंतर वेगळे ओळखता येते. आज मी ज्या जोड्यांबद्दल बोलणार आहे, त्यांतल्या बहुतेकांचे अंतर एक ते पाच विकला आहे.

आता घरातल्या जोडीपासून सुरुवात करू. लग्नात भटजी नवरानवरीला अंगणात आणून अरुंधती दाखवतात. ती बारीक असल्यामुळे आधी शेजारचा ठळक वसिष्ठ दाखवायचा आणि मग नजर तिच्यावर न्यायची, अशी रीत. शास्त्रकारांनी त्यावरून ‘स्थूलारुंधतीन्याय’च करून ठेवला. वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात सुमारे 12 कलांचे अंतर आहे, डोळ्याला सहज पेलणारे. पण इटलीत 1617 साली कास्तेल्ली आणि गॅलिलिओ या गुरुशिष्यांनी दुर्बीण वसिष्ठावरच रोखली, तर खुद्द वसिष्ठ दोन निघाले, 14 विकलांच्या अंतरावर. पुढे वर्णपटावरून कळले की त्या दोघांतला प्रत्येक जण पुन्हा जोडी आहे. आणि 2009 साली अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. भटजींनी दाखवले दोन, निघाले सहा. लग्नाच्या विधीत याची दुरुस्ती सुचवण्याचे धाडस माझ्यात नाही.

वसिष्ठाची जोडी कुठल्याही दुर्बिणीत सुटते. खरी परीक्षा पुढे. मोठे भिंग किंवा मोठा आरसा म्हणजे जास्त प्रकाश, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण जोडताऱ्यांना प्रकाश कमी पडत नाही, बारकावा कमी पडतो. प्रकाश ही लाट असल्यामुळे दुर्बिणीत तारा टिंब दिसत नाही. चांगल्या रात्री मोठ्या वर्धनाने पाहिले तर एक छोटी तबकडी आणि तिच्याभोवती फिकट कडी दिसते. ती ताऱ्याची तबकडी नव्हे. ती आपल्याच आरशाच्या आकाराने घडवलेली असते. आरसा मोठा तर तबकडी लहान. दोन तबकड्या एकमेकींवर चढल्या की जोडी सुटत नाही. डॉज नावाच्या इंग्रज पाद्र्याने एकोणिसाव्या शतकात वर्षानुवर्षे जोड्या पाहून यावर एक हिशेब बसवला. 116 ला आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, येतील तेवढ्या विकला ही तुमची हद्द. माझा आरसा 150 मिलिमीटरचा, म्हणजे 6 इंची. माझी हद्द पाऊण विकला.

हा आरसा मीच घासला. पुण्यात आयुकामध्ये हौशी लोकांसाठी आणि मुलांसाठी आरसे घासण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत, तिथली ओळख. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती गोल गोल फिरत घासायचे. मग राळेवर चकाकी आणायची. त्याआधी मी मुंबईतून एक तयार दुर्बीण घेतली होती. खोक्यावर 675 पट वर्धन असे छापले होते आणि आत चंद्रसुद्धा धुतल्यासारखा दिसे. दुकानाचे नाव सांगत नाही. खोक्यावर वर्धनाचा आकडा मोठ्या अक्षरात असेल तर पुढच्या दुकानात जा, एवढाच सल्ला. माझ्या दुर्बिणीची नळी पीव्हीसी पाइपाची आहे आणि बैठक प्लायवूडची, हाताने सरकवायची. 240 पट वर्धनाला तारा पाऊण मिनिटात दृष्टीबाहेर जातो, की पुन्हा ढकला.

आता आपल्या गावाकडे येऊ.

गेल्या काही वर्षांत मुंबईहून पुष्कळ तरुण मंडळी आपल्या भागात ‘काळोख’ शोधत येतात. आकाशगंगेचे फोटो काढतात, चहा पितात, जातात. चांगलेच आहे. हॅलेचा धूमकेतू आला त्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले, आणि त्यांनी वांगणीला रात्र रात्र आकाश दाखवून दोन पिढ्यांना या नादाला लावले. त्यात मीही एक. कल्याणला गाडी बदलून कर्जत फाट्याला जायचो. पण जोडताऱ्यांना काळोख लागत नाही, हे या मंडळींना पटवताना माझी दमछाक होते. चौकात हायमास्ट लागला, महामार्गावर दिवे वाढले, रात्री उत्तरेकडे आकाश पिवळट दिसते. आकाशगंगेचे नुकसान झाले खरे. जोडताऱ्यांचे केसभरही झाले नाही. त्यांना लागते थांबलेली हवा.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की आकाश धुतल्यासारखे होते, तारे लखलख लुकलुकतात, सगळे म्हणतात काय सुंदर! ती रात्र माझ्या कामाची नाही. तारा लुकलुकतो म्हणजे वरची हवा ढवळलेली आहे. दुर्बिणीत तो उकळत्या भातासारखा दिसतो. उलट एप्रिलमध्ये रानात राब भाजलेला असतो, वीटभट्ट्या चालू असतात, हवेत धुराचा पडदा असतो, वारा पडलेला असतो. आकाशात मोजके तारे दिसतात, तेही मलूल. घरचे म्हणतात, आज काय दिसणार? माझ्या वहीतल्या सर्वांत चांगल्या रात्री अशाच आहेत. धूर प्रकाश खातो, पण प्रतिमा हलवत नाही.

हवा वर थांबली तरी खाली घराजवळही थांबावी लागते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडतो, म्हणून गच्चीवरून पाहू नका. शेजाऱ्याच्या पत्र्यावरून तारा पाहणे म्हणजे चुलीवरून पाहणे. सगळ्यांत उत्तम जागा कापणी झालेले भाताचे खाचर. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवायची, आरसा निवला पाहिजे. आणि आमच्या घरापासून रेल्वेमार्ग लांब नाही. कसाऱ्याकडे मालगाडी जाऊ लागली की ती ऐकू यायच्या आधी तारा थरथरतो. मी नोकरीत असतानासुद्धा इतक्या लवकर गाडीची वर्दी कधी मिळाली नव्हती.

आता ज्या माणसासाठी मुख्यतः उभा राहिलो त्याच्याकडे वळतो. विल्यम स्टीफन जेकब. जन्म 1813, इंग्लंडात. ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनीयर म्हणून 1831 साली मुंबईकडे निघाला, त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केले, आणि 1842 मध्ये पुण्यात स्वतःची खासगी वेधशाळा उभी केली. दुर्बीण डॉलंडची, पाच फूट लांबीची. 1845 ते 1848 या काळात पुण्याच्या आकाशाखाली त्याने 244 जोडताऱ्यांची यादी तयार केली. प्रत्येक जोडीचे अंतर आणि दिशा मोजून. पुण्यात नंतर महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा झाली, 1944 साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, ते सगळे आपण अभिमानाने सांगतो. जेकबचे नाव कुणी काढत नाही. कंपनी सरकारचा अधिकारी होता म्हणून असेल. पण जोडताऱ्यांच्या माणसाला मी त्याच्या 244 ओळींवरून ओळखतो.

जेकबच्या पुण्यातल्या कामातला एक तारा तुम्हाला आज रात्री दाखवता येईल. वृश्चिकाच्या तोंडाशी अनुराधा नक्षत्राचे तीन तारे रांगेत आहेत. त्यांतल्या सर्वांत उत्तरेकडच्या ताऱ्याच्या जवळ पूर्वेला एक चौथ्या प्रतीचा तारा आहे, त्याला ‘न्यू स्कॉर्पाय’ म्हणतात. लहान दुर्बिणीत त्याचे 41 विकलांवर दोन तारे दिसतात. 1847 साली जेकबला त्यांतला मंद तारा पुन्हा दुहेरी दिसला, दोन विकलांहून थोडे जास्त अंतर. म्हणजे एकूण तीन. पुण्यात हा तारा सर्वांत उंच चढतो तेव्हा क्षितिजापासून 50 अंशांच्या वर असतो, आटगावातही तसाच. लंडनच्या माणसाला तो जेमतेम 20 अंशांवर, धुक्यात दिसतो. ज्येष्ठेचे तेच. तांबड्या ज्येष्ठेला अडीच विकलांच्या पलीकडे एक हिरवट वाटणारा सोबती आहे. तो 1819 साली व्हिएन्नात ब्यूर्ग या ज्योतिर्विदाला चंद्राने ज्येष्ठेला झाकले तेव्हा कळला: मोठा तारा चंद्राआड असताना छोटा क्षणभर एकटा दिसला. आपल्याकडे ज्येष्ठा 44 अंश वर चढते. युरोपातल्या पुस्तकांत ‘अवघड’ लिहिलेल्या कितीतरी जोड्या आपल्याला सोप्या जातात, आणि आपण ती पुस्तके वाचून घाबरतो.

तर न्यू स्कॉर्पाय. जेकबचे तीन मला पहिल्या महिन्यात दिसले. पण उजळ बाजूचा ताराही दुहेरी आहे, सव्वा विकलेच्या आसपास. तो जेकबला सुटला नव्हता. 1870 च्या दशकात तो शिकागोच्या बर्नहॅमने सोडवला. हा बर्नहॅम कोण? कोर्टात लघुलेखन करणारा कारकून. दिवसा साक्षी टिपायचा, रात्री जोडतारे. दुर्बीण 6 इंचीच. आरशाची नव्हे, भिंगाची, आणि क्लार्क या नामांकित दुर्बीणकाराने घडवलेली. पण माझ्याएवढीच. 1906 साली त्याने जोडताऱ्यांचा जो ग्रंथ काढला त्यात 13,665 जोड्या आहेत.

पाऊण विकला माझी हद्द, तारा सव्वा विकलेचा, म्हणजे दिसायलाच हवा. त्या हिशेबाने मी बसलो. माझ्या वहीत त्या ताऱ्यापुढे पहिल्या उन्हाळ्यात अकरा रात्री ‘नाही’ लिहिले आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात चौदा. त्यातल्या एका रात्री ‘आहे’ लिहून खोडले आहे.

ते खोडणे सांगण्यासारखे आहे. मला सोबती दिसला होता. अगदी स्पष्ट. मग पुस्तक उघडले, त्यात दिशा भलतीच. मी जे पाहिले ते तबकडीभोवतीच्या कड्यावरचा एक गोळा होता, हवेने उजळलेला. तेव्हापासून नियम केला. आधी दिशेचा अंदाज वहीत लिहायचा, मग पुस्तक उघडायचे. तारा ज्या बाजूला सरकत जातो ती पश्चिम, तिच्यावरून दिशा काढता येते. माणसाच्या डोळ्याला जे हवे असते ते तो बिनबोभाट तयार करून देतो. हे जेकबलाही चुकले नाही. पुढे मद्रास वेधशाळेचा प्रमुख असताना, 1855 साली, भुजंगधारीतल्या ‘70 ऑफियुची’ या जोडीच्या हिशेबात त्याला गडबड आढळली आणि त्याने जाहीर केले की तिथे एक न दिसणारा ग्रह असावा. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा हा बहुधा पहिलाच गंभीर दावा. तो टिकला नाही. पण मला तो माणूस त्यामुळे लहान वाटत नाही. त्याचे आकडे छापील आहेत, म्हणूनच ते तपासता आले.

आमचे गुरुजी शाळेत हजेरी घेताना गैरहजर मुलाचे नाव दोनदा पुकारत. मी एकदा विचारले, नाही आला तर नाही, दोनदा कशाला? ते म्हणाले, हजर मुलगा स्वतःच सांगतो, गैरहजराची जबाबदारी माझ्यावर आहे. माझ्या वहीत ‘नाही’ दोनदा तपासून लिहिलेले असते, ते तिथून.

तिसऱ्या एप्रिलमध्ये पहाटे अडीचच्या सुमारास, शेवटची कसारा लोकल जाऊन पुन्हा सगळे शांत झाल्यावर, तो तारा लांबट झाला. मग चिमटा पडला. मग श्वास सोडायच्या आत दोन तबकड्या, मध्ये काळी रेघ, दोन की तीन सेकंद. नंतर पुन्हा भात उकळू लागला. मी दिशा लिहिली. पुस्तकाशी जुळली. घरात कोणाला उठवावे असे वाटले, पण काय सांगणार? एकाचे दोन झाले आणि पुन्हा एक झाला?

या खटाटोपाचा उपयोग काय, हे विचारणारे इथे असतील. जोडतारे मोजणाऱ्या विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाचा उद्देशही चुकलेलाच होता. त्याला वाटले, शेजारी दिसणारे तारे प्रत्यक्षात मागे-पुढे असतील, तर त्यांच्यातल्या सरकण्यावरून ताऱ्यांचे अंतर काढता येईल. तो वीस-पंचवीस वर्षे मोजत राहिला, आणि 1803 साली पुनर्वसूतल्या कॅस्टरसारख्या जोड्या एकमेकींभोवती फिरत आहेत असे सांगून बसला. त्यातून कळले की न्यूटनचे गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालते. आणि मोठी गोष्ट म्हणजे ताऱ्यांचा तराजू मिळाला. दोन तारे किती वेळात फेरी घालतात आणि किती अंतरावरून, हे कळले की त्यांचे वजन काढता येते. व्याधाच्या डुगडुगण्यावरून बेसेल या ज्योतिर्विदाने 1844 साली अदृश्य सोबत्याचा अंदाज केला. 31 जानेवारी 1862 रोजी अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्कला तो दिसला, व्याधापेक्षा सुमारे 10 हजार पट मंद. त्याचे वजन जवळपास सूर्याएवढे आणि आकार पृथ्वीएवढा. अशा ताऱ्यांची, म्हणजे श्वेत बटूंची, सगळी कहाणी या सोबत्याच्या वजनातून निघाली. व्याधाचा सोबती मला दोनदा दिसला आहे. ‘नाही’ किती ते सांगत नाही.

त्याच 1862 साली जेकब परत आला. पुण्याजवळ 5000 फूट उंचीच्या डोंगरावर 9 इंची दुर्बीण बसवून तीन वर्षे निरीक्षण करायचे, असे ठरले होते. पार्लमेंटने 1000 पौंड मंजूर केले होते. 8 ऑगस्टला तो मुंबईत उतरला, ऐन पावसाळ्यात. 16 ऑगस्टला पुण्यात वारला. वय 48. डोंगरावरची हवा कशी असते, ते त्याला पाहताच आले नाही.

एका जोडीबद्दल सांगतो आणि थांबतो, कारण ती आत्ता डोक्यावर आहे. कन्या राशीत चित्रेच्या वायव्येला ‘पोरिमा’ नावाचा तारा आहे. दोन अगदी सारखे तारे, सुमारे 169 वर्षांत एक फेरी. कक्षा लांबोडकी असल्यामुळे ते वर्षानुवर्षे निवांत असतात आणि मग एकदम जवळ येतात. 1836 साली ते इतके जवळ आले की त्या वेळच्या दुर्बिणींना एकच दिसले. पुढची जवळीक 2005 मध्ये. मी दुर्बीण घेऊन बसलो तेव्हा अंतर अर्ध्या विकलेहूनही कमी होते, माझ्या हद्दीबाहेर. वहीत 2005 ला ‘नाही’. 2006 ला ‘नाही’. 2007 ला ‘नाही, पण गोल वाटला नाही’. 2008 च्या उन्हाळ्यात आठच्या आकड्यासारखा. पुढच्या वर्षी सुटला. त्यानंतर दर एप्रिलला एक ओळ आहे. आता अंतर साडेतीन विकलांच्या आसपास आहे, शाळकरी मुलालासुद्धा पहिल्या झटक्यात दिसते. तारे हलतात हे मी पुस्तकात वाचले होते. आमच्या खाचरात बसून वीस वर्षांत ते हललेले पाहिले.

दुर्बीण शाळेच्या मागच्या मैदानात सात वाजल्यापासून निवत ठेवली आहे. आधी वसिष्ठ, मग पोरिमा. ज्यांना उशीर चालतो त्यांनी अकराच्या पुढे थांबावे, अनुराधा तोवर बरीच वर येईल. दक्षिणेला, शहापूरच्या दिव्यांच्या वर, क्षितिजापासून जेमतेम दहा अंशांवर मित्र तारा दिसेल. तो जोडतारा आहे हे 1689 साली पुदुच्चेरीत रिशो नावाच्या पाद्र्याने धूमकेतू पाहता पाहता ओळखले. इतक्या खाली हवेतून तो एका कडेला तांबडा आणि दुसऱ्या कडेला निळा दिसेल, त्याची तक्रार करू नका. चष्मा लांबचा-जवळचा असेल तर काढून पाहा, तिरका नंबर असेल तर ठेवा. नळीला धरू नका. मोबाइलचा उजेड पाडू नका, ताऱ्यासाठी नव्हे, मागच्या माणसाच्या डोळ्यांसाठी. दुर्बिणीशेजारी स्टुलावर वही आणि पेन्सिल बांधून ठेवली आहे. काय दिसले ते एका शब्दात लिहा, आणि नाही दिसले तर तसे लिहा, शेजाऱ्याने काय लिहिले ते न पाहता.